पापडखाराचे दोनशे छप्पन्न ग्रॅम

उल्हासनगरच्या एका पापडाच्या कारखान्यात मी पंधरा बायकांसमोर एका बाईला खोटं पाडलं. ती खरं बोलत होती. हे कळायला मला नऊ दिवस लागले, आणि कळलं तेही तिनेच समजावून सांगितलं म्हणून. तिचे आभार मी तोंडावर नीट मानले नाहीत. म्हणून आज बसून लिहितेय.

मी राहते बदलापूरला, बेलवलीत, आणि काम करते अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत. सगळी मिळून आम्ही सहा माणसं. कारखान्यांत पीठ, मसाले, रंग मोजून सोडणारी यंत्रं असतात, त्यांच्या पोटातला प्रोग्राम आम्ही लिहितो. मी या कामाला लागले ती अडतिसाव्या वर्षी, मुलगी कॉलेजला जायला लागल्यावर. मधली बारा वर्षं घरी होते म्हटल्यावर बाकी सगळ्या कंपन्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. आमच्या सरांनी चहा पाजला नाही. एक बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवला आणि म्हणाले, "हा का रडतोय ते सांगा." मी संध्याकाळपर्यंत शोधून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मला टेबल मिळालं. या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं वेडंवाकडंही लिहायचं आहे.

सर मूळचे मेकॅनिक. त्यांच्या खिशात एक पाना असायचा आणि तसाच दुसरा बॅगेत. साइटवर गेलो आणि वस्तू सापडली नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटायची. तीच पद्धत त्यांनी प्रोग्रामलाही लावली होती. आमच्या प्रत्येक यंत्रात वजनाचा हिशोब करणारी एक फाइल असते, तिला आम्ही लायब्ररी म्हणतो. सोसायटीत प्रत्येक घरात शिडी नसते, एकच शिडी जिन्याखाली ठेवलेली असते आणि ज्याला माळ्यावर चढायचं तो ती घेऊन जातो, तसंच हे. प्रोग्राम सुरू झाला की तो लायब्ररी शोधतो, ठरलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने बघतो, आणि त्या नावाची जी पहिली हाती लागेल ती उचलतो. जुनी की नवी, तो विचारत नाही. सर म्हणायचे, "दोन जागी टाका. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एक, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये एक. एक तरी सापडेलच." ऑफिसात सगळे तसंच करायचे. मीही करायचे. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

पापडाच्या कारखान्यात आमचं यंत्र बसवलं तेव्हाही मी लायब्ररी दोन जागी टाकली. कारखाना म्हणजे कॅम्पातल्या, जुन्या सिंधी वस्तीतल्या, एका गल्लीतली दोन मजली इमारत. खाली मोठा हॉल, त्यात बायका ओळीने बसून लाटायच्या. हॉलच्या टोकाला काचेची खोली, तिच्यात आमचं यंत्र. वरच्या मजल्यावर वाळवण. मालक सिंधी, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. पापडाचं प्रमाण त्यांच्या आईचं. उडदाचं पीठ, मिरी, मीठ, हिंग आणि पापडखार. त्यातला पापडखार सगळ्यात नाजूक. कमी पडला की पापड फुलत नाही, तळा नाहीतर भाजा, वातडच. जास्त झाला की कडू. म्हणून त्याला यंत्रात वेगळं भांडं होतं आणि वेगळा काटा.

यंत्र चालवायला शेठनी एका मावशींना बसवलं होतं. बदलापूरच्या पुढे गाव त्यांचं, घरची भातशेती. वीस-बावीस वर्षं त्यांनी याच हॉलमध्ये पापड लाटले होते आणि त्यात दोन्ही मनगटं कामातून गेली होती. लाटणं धरलं की कळ कोपरापर्यंत जायची. डॉक्टरांनी लाटणं बंद करायला सांगितलं होतं. घरी बसायची वेळ आली, तेवढ्यात यंत्र आलं. पिठाची पारख त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती, म्हणून शेठनी त्यांना काचेच्या खोलीत स्टुलावर बसवलं. बटणं दाबायची, कणीक बघायची, आवाज द्यायचा. त्या खोलीतून बाहेर काढलं तर त्यांना करता येण्यासारखं दुसरं काम त्या कारखान्यात नव्हतं. हे मला पहिल्या दिवशीच माहीत झालं होतं. त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं. "तुमच्या मशिनीनं मना वाचवलं बगा ताई."

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. मग शेठनी पापडखाराचं भांडं बदललं. आम्ही दिलेल्या भांड्याला खार चिकटतो म्हणून त्यांनी मागच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून एका दिवसात हुबेहूब तसंच भांडं करून आणलं. उल्हासनगरात अशी कामं एका दिवसातच होतात. "ओरिजिनल से भी भारी है," शेठ म्हणाले, आणि ते खरंच भारी होतं. चार ग्रॅमनी. एवढंच करायचं होतं की प्रोग्रामला सांगायचं, या भांड्याचे चार ग्रॅम वजा धर. मी उणे चार टाकलं, करून पाहिलं, आणि खार कितीतरी कमी पडला.

आता इथे मला थोडा शहाणपणा सांगू द्या. आमचे प्रोग्राम सी नावाच्या भाषेत असतात. या भाषेत लहान आकडे ठेवायला एक छोटा कप्पा असतो. त्यात उणे आकडा मावेल की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही, ज्याच्या त्याच्या चिपवर सोडून दिलंय. इतकी जुनी, इतकी मोठी भाषा, आणि ही असली खोड! ऑफिसातल्या आमच्या कॉम्प्युटरवर उणे चार ठेवलं की उणे चारच राहतं. यंत्रात जो लहानसा बोर्ड असतो, त्याच्यावर त्याच कप्प्यात उणे काही राहतच नाही. उणे चारचे तिथे दोनशे बावन्न होतात. म्हणजे चार ग्रॅम वजा करायचे सोडून यंत्र दोनशे बावन्न ग्रॅम मिळवायचं, आणि भांडं भरायच्या आधीच अर्धवट भरलंय असं समजायचं. सातशे ग्रॅमच्या जागी चारशे चव्वेचाळीसच पडायचे. हे दोनशे बावन्न आणि वजा न झालेले भांड्याचे चार, मिळून दोनशे छप्पन्न कमी. आणि आकडा मात्र सातशेच दिसणार.

ही खोड मी एका दिवसात शोधून काढली. सरांनी ऑफिसात पेढे आणले. मी लायब्ररीत कप्प्याची जात बदलली, उणे आकडा चालेल असं स्पष्ट लिहिलं, आणि नवी लायब्ररी घेऊन कारखान्यात गेले. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ती टाकली, चालवून पाहिलं, खार दुसऱ्या काट्यावर मोजला. बरोबर सातशे. निघता निघता शेठ म्हणाले, "मॅडमजी, इधर लाइट बहुत जाती है. लाइट आए तो मशीन अपने आप चालू होना मंगता." तेही दहा मिनिटांत करून दिलं आणि रिक्षा पकडली. स्वतःवर फार खूश होते त्या दिवशी.

तीन आठवड्यांनी शेठचा फोन आला. दोन लॉट वातड गेले होते, गिऱ्हाइकांनी परत पाठवले होते. शिवाय त्यांनी काचेतून पाहिलं होतं की मावशी खाराच्या भांड्यात हाताने काहीतरी टाकतात. विचारलं तर म्हणतात, मशीन कमी टाकतंय.

मी गेले ती रागातच. ही तीच तक्रार होती, जिचा मी निकाल लावला होता. दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा बिघडते कशी? माझ्या नाकावर राग असतो हे घरचे सांगतातच, त्या दिवशी तो गल्लीच्या तोंडापासूनच होता. यंत्रात प्रत्येक लॉटची नोंद राहते. मी शेवटच्या आठवड्याची नोंद उघडली. त्यात स्पष्ट दिसत होतं. यंत्र सातशेला थांबलं, आणि मग आकडा साडेनऊशेच्या घरात गेला. वरचे अडीचशे हाताने टाकलेले. एकदा नाही, तीनदा. मी प्रोग्राम बंद केला, आयकॉन दाबून पुन्हा सुरू केला, सगळ्यांच्या देखत खार सोडला आणि शेठच्या स्वतःच्या काट्यावर मोजून दाखवला. सातशेला सातशे.

मावशी दारात उभ्या होत्या. "कवा कवा कमी टाकतो, ताई," त्या म्हणाल्या. "सारखा नाय."

"कमी टाकतो हे कशावरून?"

"हाताला समजतं. कनीक मलली का समजतं."

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. मग मी हॉलकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीन बरोबर आहे. हाताने टाकल्यामुळे लॉट बिघडलेत." पंधरा लाटणी थांबली. शेठ वाईट माणूस नव्हते, त्यांनी मावशींना काढून टाकलं नाही. एवढंच म्हणाले, "मावशी, आप कल से हॉल में बैठो." त्यांच्या लेखी ती मेहेरबानी होती. मावशींच्या मनगटांचं काय होणार हे त्यांना सुचलं नाही. मला सुचलं होतं. सुचूनही मी लॅपटॉप बंद केला आणि निघाले.

त्यानंतर आठवड्याभराने, रविवारी सकाळी, मी बदलापुरातच हेंद्रेपाड्याला भाजी घेत होते. कोपऱ्यावर बायका शेतातली भाजी घेऊन बसतात. त्यांच्यात मावशी बसलेल्या दिसल्या. सुट्टीच्या दिवशी सुनेबरोबर बसायच्या म्हणे. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. मी पाठ फिरवायच्या आत त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढणार. त्यांच्या जागी मी असते तर नक्की काढली असती.

"ताई, एक सांगू का? राग नका धरू." त्या म्हणाल्या. "सकालचा लॉट कंदी बिघडत नाय. लाइट गेली आनि परत आली ना, मंग जो लॉट होतो तोच बिघडतो. मी खाराची वाटी टाकायची ती त्याच्यातच. सकालच्याला मी कंदी हात लावला नाय. हे मना त्या दिवशी बोलायला सुचलं नाय, तुमी हसलात ना."

"लाइटचा काही संबंध नसतो, मावशी," मी तोडून टाकलं. सवयच लागलेली. पैसे दिले, मेथी पिशवीत टाकली, चालायला लागले. दत्ताच्या देवळापर्यंत आले असेन आणि पाय थांबले. सकाळी मावशी प्रोग्राम सुरू करायच्या आयकॉन दाबून. लाइट आल्यावर तो सुरू व्हायचा आपोआप, मी दहा मिनिटांत करून दिलेल्या सोयीने. दोन वेगळे रस्ते. आयकॉनच्या रस्त्यावर मी लिहून ठेवलं होतं की लायब्ररी आधी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोध. आपोआपच्या रस्त्यावर? तिथे घाईत काहीच लिहिलं नव्हतं. म्हणजे तो आधी सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जाणार. आणि सिस्टिमच्या फोल्डरमध्ये काय होतं? मी सात-आठ महिन्यांपूर्वी टाकलेली दुसरी लायब्ररी. एक तरी सापडेल म्हणून. नवी मी एकाच जागी टाकली होती.

मी रस्त्यात उभी राहून कपाळावर हात मारला. एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, कुठे जायचंय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कारखान्यातून आणलेली सगळी नोंद उघडली, या वेळी शेवटचा आठवडा नाही, तर पहिल्यापासून. यंत्र कधी बंद पडून पुन्हा सुरू झालं, याचीही नोंद असते. दोन्ही एकाशेजारी एक लावल्या. वातड गेलेले दोन लॉट लाइट जाऊन आल्यानंतरचे होते, आणि त्या दोन्हींत कुणीही हाताने काही टाकलेलं नव्हतं. जास्त खाराने पापड कडू होतो, वातड नाही, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. पुढचे तीन लॉटही लाइट जाऊन आल्यानंतरचेच, पण त्यांत वाटी पडलेली होती, आणि ते तिन्ही लॉट चांगले निघाले होते. एकही परत आला नव्हता. म्हणजे मावशींनी दोन लॉट बिघडलेले पाहिले, शेठना सांगितलं, कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी न सांगता दुरुस्ती सुरू केली. माझा प्रोग्राम जेवढे ग्रॅम खात होता तेवढे त्या वाटीने भरून काढत होत्या, आकडा न बघता, अंदाजाने. दोनशे छप्पन्नच्या जागी त्यांनी टाकलेले होते दोनशे पन्नास, दोनशे साठ, दोनशे पंचावन्न. हे आकडे मी दोन-तीनदा वाचले. मग मी सरळ रडले. सरांनी पाण्याचा ग्लास समोर ठेवला.

सगळं ऐकून झाल्यावर सरांनी दोन्ही नोंदी स्वतः एकदा वाचल्या. मग म्हणाले, "जाऊन नीट करा. शेठना सांगा, अपडेट आलाय. आपली अब्रू कशाला घालवायची?"

"आणि मावशी?"

"मावशींना मशीनवर परत बसवा म्हणून सांगा."

"कशाच्या जोरावर सांगू, सर? अपडेट म्हटलं तर त्यांनी हाताने टाकून लॉट बिघडवले हे तसंच राहतं."

सर उठले, खिडकीपाशी गेले, खिशातला पाना काढून उगाच हातात फिरवत राहिले. "मग खरं सांगा," ते म्हणाले. "आणि दोन जागी टाकायची पद्धत माझी होती, तेही सांगा. तुमच्या एकटीच्या अंगावर घेऊ नका." मला टेबल देताना या माणसाने जेवढं दिलं होतं, त्याहून या वाक्यात जास्त दिलं असं मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं.

त्याच दिवशी मी कारखान्यात पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काचेच्या खोलीत एक नवीन मुलगी होती, घाबरून स्टुलाच्या कडेवर बसलेली. मी प्रोग्राम आयकॉनने सुरू केला आणि त्याने कुठली लायब्ररी कुठून उचलली याची यादी पाहिली. अशी यादी बघता येते, बघायला अर्धं मिनिट लागतं. मग मेन स्विच खाली केला, वर केला, यंत्र आपोआप सुरू होऊ दिलं आणि तीच यादी पुन्हा पाहिली. सगळ्या ओळी सारख्या, एक सोडून. त्या एका ओळीत सिस्टिमचा फोल्डर आला होता. खार सोडून शेठच्या काट्यावर मोजला. चारशे चव्वेचाळीस ग्रॅम. यंत्राच्या स्क्रीनवर आकडा होता सातशे.

रिकामं भांडं असताना स्क्रीनवर काय दिसतं, हे पाहता आलं असतं तरी मावशींना पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिथे शून्याच्या जागी दोनशे छप्पन्न दिसले असते. पण तो आकडा मीच लपवला होता. रिकाम्या भांड्याचा आकडा सतत एक-दोन ग्रॅम हलतो, आणि आकडा हलताना दिसला की गिऱ्हाइकाला मशीन खराब वाटतं. म्हणून खार पडायला लागेपर्यंत आकडा दिसूच नये असा मी त्यावर पडदाच टाकला होता. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी! चालवणाऱ्या बाईच्या सोयीचा विचार केलाच नव्हता.

जुनी फाइल काढून टाकायला चार सेकंद लागले असतील. पुन्हा स्विच खाली, वर. खार मोजला. सातशे. पुन्हा एकदा. सातशे. शेठ बाजूला उभे राहून सगळं बघत होते. हुशार माणूस, समजायला वेळ लागला नाही.

"मतलब मशीन ही गलत था," ते हळूच म्हणाले.

"मशीन नाही, शेठ. मी."

त्यांनी काचेचं दार लोटून घेतलं. "अरे मॅडमजी, गलती किससे नहीं होती? आप इतना भाग के आए, बहुत हो गया. किसी को बोलने का काम नहीं. मैं मावशी को बोल दूँगा, कल से वापस मशीन पे बैठो. बात खतम." हे ते मनापासून म्हणत होते. माझी लाज राखायची म्हणूनच म्हणत होते, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते फार बरं वाटलं. दार लोटलेलं होतं, एसी चालू होता, कुणाला काही कळणार नव्हतं. मी बॅगेची चेनसुद्धा लावली. काचेतून हॉल दिसत होता. मावशी तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. लाटण्याची मूठ त्यांना धरता येत नव्हती, नुसत्या तळहाताने त्या लाटणं ढकलत होत्या. शेजारणीचे चार पापड व्हायचे तेव्हा त्यांचा एक व्हायचा.

मी दार उघडून बाहेर गेले. नऊ दिवसांपूर्वी जिथे उभी होते तिथेच उभी राहिले.

"जरा ऐका," मी म्हणाले. "मागच्या वेळी मी इथे म्हणाले, मशीन बरोबर आहे, मावशींच्या हातामुळे लॉट बिघडले. ते खोटं होतं. चूक माझी होती. मी प्रोग्राममध्ये एक जुनी फाइल ठेवून दिली होती, लाइट आली की मशीन ती उचलायचं आणि खार कमी टाकायचं. आमच्या सरांनी सांगितलंय, पद्धत त्यांची होती, तेही सांगा. सांगितलं. पण ठेवली मी, आणि तपासलं नाही तेही मीच. मावशींनी वाटी टाकली नसती तर आणखी तीन लॉट परत आले असते. त्यांचा हात बरोबर होता. माझा आकडा चुकीचा होता."

एका बाईने तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला ते कळलं नाही. मावशींनी हातातला पापड आधी पुरा लाटला, उचलून शेजारच्या सुपावर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"ते पयले दोन लॉट," त्या म्हणाल्या. "ते पन माझे नव्हते ना?"

"नाही, मावशी. ते दोन्ही माझ्यामुळे गेले."

"शेठ, ऐकलंत?" त्या काचेच्या दाराकडे बघून म्हणाल्या. शेठ दारात येऊन उभे होते. "बावीस वरसांत माझ्या हातचा पापड कोनी वातड म्हनून परत दिला नवता. मशिनीवर बसवा नायतर नका बसवू. पन ते दोन माझे नाय."

"नहीं मावशी, आपके नहीं थे," शेठ म्हणाले. त्यांनी कानाला हात लावला, सगळ्यांसमोर. "चलो, उठो अभी. मशीन पे चलो."

मी पुढे होऊन मावशींना उठवायला हात दिला. त्यांनी आपला हात मागे घेतला. मला वाटलं, अजून राग आहे, आणि असायलाच हवा होता.

"मनगटाला नका धरू, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "लई दुखतंय. कोपराला धरा."

मी खाली वाकले आणि कोपराला धरून त्यांना उभं केलं.